ओसीटीच्या कागदावरचा रंग सगळ्यात शेवटी बघा

डोळ्यांच्या दवाखान्यातून ओसीटीचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनचा, रंगीत कागद हातात पडला की माणूस पहिल्यांदा त्यात लाल शोधतो. मी मिरजेकडच्या एका नेत्ररुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ओसीटीचं मशीन माझ्याकडंच असतं, आणि प्रिंटरमधून कागद पुरता बाहेर यायच्या आत नातेवाईक खांद्यावरून डोकावून विचारतात, "मॅडम, लाल आलंय का?" लाल नसेल तर जीव भांड्यात पडतो, असेल तर तोंड उतरतं. दोन्ही वेळा घाईच होते. हा कागद वाचायचा एक क्रम आहे आणि त्यात रंगाचा नंबर शेवटचा लागतो. तो क्रम इथे सांगते. निदान डॉक्टरांनीच करायचं, त्यात तुम्ही आणि मी पडायचं नाही. पण काचबिंदूचा संशय आहे म्हणून ज्यांना हा कागद मिळालाय, त्यांना तो निदान सुलटा धरता आला पाहिजे आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता आला पाहिजे.

यात मोजतात काय

डोळ्याच्या पडद्यात गँग्लिऑन नावाच्या पेशी असतात. एका डोळ्यात दहा-बारा लाख. प्रत्येकीचा एक बारीक तंतू पडद्याच्या पृष्ठभागावरून सरकत जातो, सगळे तंतू एका जागी गोळा होतात आणि तिथून नस होऊन मेंदूकडे जातात. ती जागा म्हणजे ऑप्टिक डिस्क. तंतूंचा हा जो थर पडद्यावर पसरलेला असतो त्याला आरएनएफएल म्हणतात, आणि काचबिंदूत नेमके हेच तंतू मरतात. मेलेला तंतू कोणत्याही थेंबाने परत येत नाही. डिस्कभोवती निरोगी थराची सरासरी जाडी साधारण 90 ते 100 मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी. त्यातले पाच-दहा मायक्रॉन कमी झालेत का, हे या मशीनला विचारायचं असतं.

फिल्ड टेस्ट, म्हणजे नजरेच्या आवाक्यात कुठं कमी दिसतं ते बटण दाबून तपासायची चाचणी, असताना ही कटकट कशाला, असं बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे. फिल्ड टेस्टवर दोष ठळक उमटेपर्यंत चांगल्या 25 ते 35 टक्के गँग्लिऑन पेशी गेलेल्या असू शकतात. तंतूंचा थर आधी बोलतो. हे मशीन यायच्या आधीपासून डॉक्टरांना माहीत होतं. 1973 साली अमेरिकेत विल्यम हॉइट आणि सहकाऱ्यांनी लाल रंग गाळलेल्या उजेडात पडदा बघून काचबिंदूतल्या तंतूंच्या थरातल्या काळपट चिरा वर्णन केल्या होत्या. निरोगी पडद्यावर त्या उजेडात चंदेरी रेघा दिसतात, तंतू गेलेल्या जागी त्या रेघा तुटतात. फक्त ते बघायला सरावलेली नजर लागायची आणि ते आकड्यात मांडता येत नव्हतं. 1991 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात ओसीटीचा पहिला लेख आला. त्याबद्दल फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉन्सन या तिघांना 2023 चा लास्कर पुरस्कार मिळाला. मशीन डोळ्यात अदृश्य अवरक्त प्रकाश सोडतं, आतल्या प्रत्येक थरावरून तो किती खोलीवरून परतला ते मोजतं आणि पडद्याचा उभा छेद काढून दाखवतं. सुई नाही, एक्स-रे नाही, डोळ्याला स्पर्शही नाही.

खुर्चीत बसण्यापूर्वी

आत आल्यावर आम्हाला चार गोष्टी न विचारता सांगा. चष्म्याचा नंबर किती होता. लेसर करून नंबर घालवला असेल तर त्याच्या आधीचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का आणि कोणत्या डोळ्याचं. टीबीची, संधिवाताची किंवा स्टेरॉइडची औषधं चालू आहेत का, आधी होती का. आणि घरात कुणाला काचबिंदू आहे का. "आजीला शेवटी दिसत नव्हतं" एवढंही चालतं.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर पुढचे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हात डोळे दिपतात, त्यामुळं त्या दिवशी स्वतः गाडी चालवत येऊ नका. सगळ्यांनाच थेंब लागतात असं नाही.

स्कॅन दीड-दोन सेकंदांचा असतो, पण तेवढ्यात काय काय होतं ते आम्हालाच ठाऊक. परवा एक आजी हनुवटी टेकवून बसल्या. मी म्हटलं, "आजी, आत हिरवी खूण दिसतीया न्हवं, तिच्याकडंच बघायचं. डोळा हलवायचा न्हाई."

"आन मिटायचा कवा?"

"मी सांगीन तवा. आता दोनदा उघडझाप करा... बास, धरा."

आजींनी डोळा धरला, पण सोबत श्वासही धरला. श्वास धरला की खांदे वर जातात, कपाळ पट्टीवरून अर्ध्या बोटानं सुटतं आणि मशीनच्या पडद्यावरचं चित्र सरकतं. "आजी, श्वास चालू ठेवा," म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग आधी सांगायचं की, पोरी." दुसऱ्या वेळी लख्ख आलं. तेव्हा तुम्हीही लक्षात ठेवा: कपाळ पट्टीला घट्ट, दात एकमेकांवर, श्वास नेहमीसारखा, आणि स्कॅनच्या आधी दोन-तीनदा पापण्यांची पूर्ण उघडझाप. डोळा कोरडा पडला की चित्र मळकं येतं. तसं वाटलं तर अश्रूंसारखे थेंब घालायला सांगा, आम्ही घालतो. स्कॅन बिघडला असं वाटलं तर "पुन्हा काढा" म्हणायला लाजू नका. खराब स्कॅन फाईलला लागण्यापेक्षा पाच मिनिटं जास्त बसलेलं परवडतं.

कागदाचा माथा

आता कागद. नाव तुमचंच आहे ना, हे आधी बघा. हसू नका, एकाच गावचे दोन पाटील एकाच सकाळी येतात. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा.

मग जन्मतारीख. तंतूंचा थर वयानुसार आपोआप थोडा झिजतो, दर दहा वर्षांना साधारण दोन मायक्रॉन, म्हणून मशीन तुमची तुलना तुमच्याच वयाच्या निरोगी माणसांशी करतं. आपल्याकडं शाळेत नाव घालताना मास्तरांनी 1 जून लावून दिलेली पिढी अजून दवाखान्यात येते आहे. निम्म्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! दिवस-महिना चुकला तर काही बिघडत नाही, पण वर्षच आठ-दहानं इकडंतिकडं असेल तर काठावरचा रंग बदलू शकतो. खरं वय माहीत असेल तर सांगा. मुलांच्या बाबतीत आणखी एक: सिरस या मशीनचा तुलना-संच 18 वर्षांपासून पुढचा आहे, त्यामुळं चौदा वर्षांच्या मुलाच्या कागदावर रंगच येत नाहीत. डोळ्यांच्या खाजेसाठी मेडिकलमधून परस्पर स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घातलेली मुलं आमच्याकडं काचबिंदूच्या संशयानं येतात, आणि पालक कागद बघून म्हणतात, "काही रंग नाही म्हणजे नॉर्मल." नाही. रंग नाही म्हणजे मशीननं तुलनाच केलेली नाही.

माथ्यावरच सिग्नल स्ट्रेंग्थ लिहिलेली असते, दहापैकी. सिरसवर 6 च्या खाली असेल तर पुढचं काहीही वाचू नका. दुसऱ्या कंपनीच्या मशीनची मोजपट्टी वेगळी असते, तिथली मर्यादा विचारून घ्या. सिग्नल कमी पडला की थर खरोखर आहे त्याहून पातळ मोजला जातो. कोरडा डोळा, पिकत आलेला मोतीबिंदू, बारीक बाहुली, भिंगावरचा बोटाचा ठसा, काहीही कारण असू शकतं. मोतीबिंदू काढल्यावर काही रुग्णांचा आकडा वाढलेला दिसतो आणि घरचे खूश होतात की नस सुधारली. नस तीच असते, काच पुसली गेलेली असते. म्हणून मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नवा स्कॅन काढून तिथून पुढं मोजायचं.

चित्र नीट आलंय का

हा भाग लोक सर्रास सोडून देतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथंच द्यावा.

डिस्कच्या करड्या चित्रात रक्तवाहिन्या बघा. एखादी वाहिनी मध्येच कापल्यासारखी बाजूला सरकली असेल तर त्या क्षणी डोळा हलला होता. आडवा काळा पट्टा असेल तर पापणी मिटली होती. काळी धूसर सावली एका जागी पडली असेल तर डोळ्यातल्या पाण्यात तरंगणारा ठिपका आडवा आला असण्याची शक्यता आहे. नेमक्या त्या सावलीखाली थर पातळ दिसतो आणि नकाशावर लाल उमटतो. तो लाल खोटा.

डिस्कभोवती एक वर्तुळ काढलेलं असतं, सिरसवर 3.46 मिलिमीटर व्यासाचं. बहुतेक आकडे या वर्तुळावरचे. ते डिस्कच्या मधोमध हवं. एका बाजूला झुकलं असेल तर ज्या बाजूला वर्तुळ डिस्कच्या जवळ आलं तिथला थर जाड आणि दूर गेलेल्या बाजूचा पातळ निघतो, कारण डिस्कपासून जसजसं दूर जावं तसतसा थर विरळ होत जातो.

कागदाच्या तळाशी पडद्याच्या छेदाची लांबट पट्टी असते. वर्तुळ एका जागी कापून सरळ पसरलं तर जे दिसेल ते. तिच्यावर मशीननं दोन रेघा मारलेल्या असतात, एक थराच्या वरच्या कडेवर, दुसरी खालच्या. या दोन रेघांमधलं अंतर म्हणजेच तुमचा आकडा, बाकी सगळं त्यावरून काढलेलं. तेव्हा बोट ठेवून दोन्ही रेघा टोकापासून टोकापर्यंत बघा. दोन्ही कुठंतरी एकमेकींना चिकटून जाडी शून्य दाखवतात का? खालची रेघ थर सोडून भलत्याच खोलीत उतरते का? तसं असेल तर मशीनची कड चुकली आहे, थर गेलेला नाही. डिस्कला लागून पडदा विरळ झालेला असेल किंवा नंबर फार मोठा असेल तर हे जास्त घडतं. पडद्यावर पातळ पापुद्रा चढला असेल किंवा डिस्कला सूज असेल तर उलटं होतं, थर खोटाच जाड मोजला जातो आणि झिज त्याखाली लपते.

दोन नकाशे, दोन लाल

सिरसच्या कागदावर प्रत्येक डोळ्याचे दोन चौकोनी नकाशे येतात आणि गोंधळ इथंच होतो. पहिला जाडीचा नकाशा. त्यात पिवळा-लाल म्हणजे जाड थर, निळा म्हणजे पातळ. म्हणजे इथं लाल चांगला! निरोगी डोळ्यात डिस्कच्या वर आणि खाली दोन झळाळत्या कमानी दिसतात. दुसरा फरकाचा नकाशा. तो करडा असतो आणि त्याच्यावर निरोगी माणसांपेक्षा पातळ पडलेल्या जागा पिवळ्या-लाल ठिपक्यांनी दाखवतात. इथं लाल वाईट. पहिल्या नकाशातल्या कमानी बघून रडवेली झालेली माणसं मी पाहिली आहेत.

काचबिंदूचा लाल कसा दिसतो, तर डिस्कपासून निघून बाहेर पसरत जाणाऱ्या पाचरीसारखा, तंतूंच्या वाटेनं वळलेला. बहुतेकदा डिस्कच्या खाली, कानाकडच्या अंगाला. त्या खालोखाल वर, त्याच अंगाला. कारण डोळ्याच्या मागच्या भिंतीत नस बाहेर पडते तिथं जाळी असते आणि तिची वर-खालची छिद्रं मोठी, आधार कमी. दाबाचा मार तिथं आधी बसतो. लाल ठिपके कुठंही विखुरलेले असतील, तंतूंची वाट धरत नसतील, तर आधी चित्राच्या दर्जावर शंका घ्या.

त्याखाली एक आलेख असतो, टी-एस-एन-आय-टी असा. कानाकडून सुरू करून वर, नाकाकडे, खाली आणि परत कानाकडे असा वर्तुळाचा फेरा. निरोगी डोळ्यात रेघेला दोन उंचवटे, वरचा आणि खालचा, प्रत्येकी 115-125 मायक्रॉनच्या आसपास. नाकाकडे आणि कानाकडे ती 60-75 पर्यंत उतरते. दोन्ही डोळ्यांच्या रेघा एकावर एक काढलेल्या असतात. त्या एकमेकींना कुठं सोडून जातात ते बघा. एक डोळा दुसऱ्याच्या मानानं मागं पडणं ही काचबिंदूची जुनी खूण आहे. सरासरीत 9-10 मायक्रॉनहून जास्त फरक असेल तर दोन्ही आकडे हिरवे असले तरी डॉक्टरांना दाखवायचं.

आता रंग

हिरवा, पिवळा, लाल यांचा अर्थ एवढाच: तुमच्या वयाच्या शंभर निरोगी माणसांना जाडीनुसार रांगेत उभं केलं तर तुम्ही कुठं उभे राहता. सगळ्यात पातळ एक टक्क्यात असाल तर लाल, एक ते पाच टक्क्यांत पिवळा, त्यापुढं 95 टक्क्यांपर्यंत हिरवा, त्याहून जाड तर पांढरा. म्हणजे पूर्ण निरोगी असलेल्या शंभर माणसांतली पाच माणसं पिवळ्या-लालमध्ये जाणारच, ती रांगेची रीतच आहे. त्यात वर्तुळाचे घड्याळासारखे बारा तुकडे. त्यातला एखादा पिवळा निघणं काही विशेष नाही.

आणि रांगेत उभं कुणाला केलंय? सिरसच्या मूळ संचात 284 निरोगी माणसं होती. त्यात भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी हे मशीनला नावं ठेवायला सांगत नाही, रोज त्याच्याच जिवावर काम करते. पण रंग म्हणजे निकाल नव्हे एवढं त्यातून कळावं.

खोट्या लालचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक म्हणजे मोठ्या मायनस नंबरवाले. एक चौतीस वर्षांचा तरुण आला होता, पुण्यात संगणकावर काम, नंबर वजा आठ. कंपनीच्या आरोग्य तपासणीत ओसीटी निघाली आणि वर-खाली दोन्हीकडं लाल. रात्रभर इंटरनेट वाचून आला होता बिचारा. मोठ्या नंबरचा डोळा लांबट असतो. तेच वर्तुळ त्या डोळ्यात प्रत्यक्षात मोठं पडतं, डिस्कपासून दूर, जिथं थर मुळातच पातळ. शिवाय तंतूंच्या दोन्ही कमानी कानाकडे सरकलेल्या असतात. त्याच्या आलेखात दोन्ही उंचवटे चांगले भरदार होते, फक्त हिरव्या पट्ट्याच्या मानानं कडेला सरकलेले, आणि जिथं ते असायला हवे होते तिथं मशीननं लाल मारलं होतं. डोळ्याचं प्रेशर 15, फिल्ड पूर्ण. डॉक्टरांनी थेंब दिले नाहीत, वर्षानं परत बोलावलं. दुसरा स्कॅन पहिल्यावर ठेवला तर रेघेवर रेघ. अर्थात मोठ्या नंबरवाल्यांना काचबिंदू होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून "नंबरमुळं लाल येतंच" म्हणून फाईल बंद करायची नाही. त्यांच्यासाठी खरी तुलना स्वतःच्याच जुन्या स्कॅनशी.

याच्या उलट खोटा हिरवा, आणि मला त्याची जास्त भीती वाटते. एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका, वय 61, फक्त चष्मा बदलायला आले होते. प्रेशर 17, थराची सरासरी जाडी 86, हिरवी. वर्तुळाचे चारही चतुर्थांश, म्हणजे वरचा, खालचा, नाकाकडचा आणि कानाकडचा भाग, हिरवे. उजव्या डोळ्याच्या घड्याळात सातच्या जागी फक्त एक तुकडा पिवळा. पण फरकाच्या नकाशात त्याच जागेवरून एक अरुंद पाचर निघून खाली वळत गेलेली, कडा अगदी स्वच्छ. चतुर्थांशाचा आकडा म्हणजे सरासरी. शेजारच्या जाड तंतूंनी बारीक खाच गिळून टाकली होती. फिल्ड काढलं तर उजव्या डोळ्यात वरच्या बाजूला, नाकाकडे, छोटा डाग. काकांना त्याचा पत्ता नव्हता, दुसरा डोळा भरून काढत होता. दोघांचे कागद शेजारी ठेवले असते तर घरच्यांनी चुकीच्या माणसाची काळजी केली असती.

फिल्डशी जुळवणी

डोळ्याच्या पडद्यावर पडणारं चित्र उलटं असतं. त्यामुळं ओसीटीत खाली पातळ असेल तर फिल्डमध्ये डाग वर हवा, ओसीटीत वर असेल तर फिल्डमध्ये खाली. काकांचं नेमकं असंच जुळलं. खाली पातळ आणि डागही खालीच, असं दिसलं तर दोन्हीपैकी काहीतरी पुन्हा करायला हवं. फिल्डमध्ये पहिल्या वेळी माणूस गोंधळतो, बटण उशिरा दाबतो, डुलकी घेतो. पहिलं फिल्ड म्हणजे बहुतेकदा शिकणं असतं.

जुळत नसण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते विसरू नये. तंतूंचा थर काचबिंदूखेरीज दुसऱ्या कारणांनीही झिजतो. टीबीसाठी इथॅम्ब्युटॉल घेतलेल्यांना नसेला इजा होऊ शकते. नसेचा दाह, नसेचा रक्तपुरवठा तुटणं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ यांतही थर पातळ होतो. पिट्युटरीच्या गाठीत झिज नाकाकडं आणि कानाकडं जास्त दिसते, काचबिंदूत वर-खाली. कानाकडची बाजूच जास्त गेलेली असेल, रंग ओळखायला त्रास होत असेल, किंवा डिस्क खोल जाण्यापेक्षा फिकी पडली असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगतील. "काचबिंदूसाठी आलो आणि डोक्याचा स्कॅन का?" असं वाटलं तरी करून घ्या.

मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, स्कॅनही बहुतेक ठिकाणी सोबत काढतात. एकूण गँग्लिऑन पेशींपैकी जवळपास निम्म्या पडद्याच्या मध्यभागी असतात, आणि डिस्कभोवती चित्र अवघड असेल तिथं, मोठ्या नंबरात विशेषतः, मध्यभागाचा नकाशा उपयोगी पडतो. त्यात आडव्या मध्यरेषेवर वरचा आणि खालचा अर्धा तुटक वेगळा दिसला, तर ती काचबिंदूची ढब.

पुढचा स्कॅन

एका कागदावर संशय येतो, झिज चालू आहे की थांबली ते दोन-तीन कागदांवर कळतं. पहिले दोन चांगले स्कॅन पाया धरून मशीन पुढच्या स्कॅनची तुलना करतं. सरासरीत चार-पाच मायक्रॉनचं खालीवर हे मोजणीतलं नेहमीचं हेलकावणं आहे, 88 वरून 85 झाले म्हणून धसका घेऊ नका. त्याहून जास्त उतरलं आणि पुढच्या वेळीही तिथंच राहिलं किंवा आणखी उतरलं, तर ती खरी झिज. तुलना मात्र त्याच कंपनीच्या मशीनवरच. सिरसचा आकडा स्पेक्ट्रालिस या दुसऱ्या कंपनीच्या मशीनच्या आकड्यातून वजा करायचा नाही, दोघांची मोजायची रीत वेगळी आहे. सांगलीत काढला, मग मुंबईत मुलाकडं गेल्यावर तिकडं काढला, असं करणाऱ्यांची मोठी गैरसोय होते.

काचबिंदू खूप पुढं गेला की आकडा 50-55 च्या आसपास येऊन थांबतो. सगळे तंतू गेले तरी उरलेल्या ऊती आणि रक्तवाहिन्यांची जाडी मोजली जातच राहते. तिथं "दोन वर्षं आकडा स्थिर आहे" म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या टप्प्यावर फिल्डच बोलतं.

आणि काही गोष्टी या कागदावर येतच नाहीत. डोळ्याचं प्रेशर येत नाही. पाणी बाहेर जायचा कोन उघडा आहे की अरुंद हे या स्कॅनमधून कळत नाही, त्यासाठी डॉक्टर बुबुळावर भिंग ठेवून बघतात, त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. डिस्कच्या कडेवरचा रक्ताचा बारीक ठिपका, जो काचबिंदू वाढत असल्याची महत्त्वाची खूण आहे, तो जाडीच्या नकाशात दिसत नाही, डॉक्टरांच्या नजरेला किंवा डिस्कच्या फोटोत दिसतो. म्हणून "ओसीटी काढली, आता आत कशाला?" असं म्हणून परस्पर घरी जाऊ नका. आत जाऊन विचारायचे प्रश्न हे: स्कॅनचा दर्जा चांगला आहे का, माझ्या नंबरामुळं काही फरक पडलाय का, फिल्डशी जुळतंय का, आणि जुन्या स्कॅनच्या मानानं काय बदललं.

फाईलमध्ये मूळ रंगीत कागद ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको. त्यात बारीक पाचर पुसली जाते. शक्य असेल तर पीडीएफ मागून घ्या. प्रत्येक कागदावर मागे पेन्सिलीनं त्या दिवशीचं प्रेशर, चष्म्याचा नंबर आणि चालू असलेल्या थेंबांचं नाव लिहा.

राहिली भावंडं. सख्ख्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. चाळिशीपुढच्या सुमारे 1 कोटी 12 लाख भारतीयांना काचबिंदू असल्याचा अंदाज 2010 मध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि आंध्र-तमिळनाडूतल्या गावागावांत केलेल्या पाहण्यांत ज्यांना तो निघाला त्यातल्या दहापैकी नऊहून जास्त जणांना त्याची कल्पनाच नव्हती. कंडक्टर काकांना मी धाकट्या भावाला घेऊन या म्हटलं, तर म्हणाले, "त्याला काय झालंय? त्याला तर चष्मापण न्हाई." चष्मा नसलेल्यांनीच यायचं असतं. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक भावा-बहिणीचं प्रेशर आणि डिस्क एकदा तरी बघून घ्या. ओसीटी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.